मुलीकडच्या

लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळात माझं दुकान, सहा बाय आठ.
अंतरपाट, मुंडावळ्या, सप्तपदीच्या सुपाऱ्या,
रुखवताला साखरेचं तुळशीवृंदावन.
बत्तीस वर्षं लग्नं विकते मी,
म्हणजे लग्न सोडून बाकी सगळं.

अंतरपाटावर स्वस्तिक भरताना
एका बाजूला रेघ सुबक येते, दुसरीकडे गाठी राहतात.
कुठली बाजू कोणाकडे धरायची,
एकाही गिऱ्हाइकाने कधी विचारलं नाही.

त्या वर्षी मात्र सगळेच बोलत होते.
समोर फरसाणवाल्याच्या टीव्हीवर न्यायालय,
आणि पावशेर चिवड्याबरोबर मत फुकट.
पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले चक्रदेव म्हणाले,
"राहा की एकत्र, कोण नाही म्हणतंय?
फक्त लग्न हा शब्द नको."
शालूच्या पिशव्या सांभाळत एक बाई म्हणाली,
"आपल्यात नव्हतं हो असलं काही."
कॉलेजचा एक पोरगा भांडला त्यांच्याशी,
कानात बाळी, आवाज कापत होता त्याचा.
मी मोती ओवत राहिले.

माझी मेखला तेव्हा पाच वर्षं धायरीत राहत होती,
दीपशिखाबरोबर.
कोणी विचारलं तर मी सांगायचे, रूम पार्टनर,
भाडं वाचतं.
भाडं कसलं, त्यांनी फ्लॅटचं कर्ज काढलेलं,
एकीच्या नावावर, हप्ते दोघींचे.

निकाल लागला. न्यायालय म्हणालं, हे काम संसदेचं.
दुसऱ्या दिवशी दुपारी
सासवडहून एक बाई आल्या, कमरेवर सीताफळांचा क्रेट.
"दीपाची आई मी.
पोरी कालपास्नं फोन उचलंनात.
तुम्ही तर तीन वर्षं उचलला नाही.
म्हटलं, जाऊनच बघावं."

स्टूल एकच. त्या पायरीवर टेकल्या.
अंतरपाटाला हात लावून पाहिला.
"केवढ्याला?"
"साडेतीनशे."
"लई."
मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाल्या, "तुम्हाला काय म्हणायचं मी?"

शब्द तर तयार होता.
साडू, जाऊ, नणंद, चुलतदीर,
एवढी खाती उघडून बसलेली आपली भाषा,
आणि या शब्दाला नवरदेव लागतच नाही,
लागतात दोन आया.
पण जीभ उचलेना माझी.
कारण विहीण म्हटलं की पुढचं सगळं आलंच:
वरमाय कोण, पायघड्या कोणाला,
कोण रुसणार, कोण हातापाया पडणार.
माझ्या लग्नात आईने सासूबाईंचे पाय धुतले ते मी पाहिलंय.
पाणी गार म्हणून त्यांनी एक पाय मागे घेतला.
आई उठली, परत तापवून आणलं.

चक्रदेव, तुम्हाला सलतंय ते हेच नाही ना?
दोघी पोरी, हे नाहीच.
वाकायला कोणी उरत नाही, हे.

"मोजून घ्या," बाई म्हणाल्या, "चाळीस हायेत.
मुलीकडची म्हणून कमी आणली, असं नको मागनं."
"अहो विहीणबाई," मी म्हटलं,
आणि माझंच मला ऐकू आलं,
"मुलीकडची तर मीपण."

हसल्या. पुढचा एक दात नव्हता.
दोन सीताफळं तिथेच फोडली,
बिया सकाळच्या पेपरवर.
बारा ठेवा दुकानात, बाकीची पोरींना, असं ठरलं.
क्रेट फुटका होता, बांधायला कापड हवं होतं.
ताग्यातून दोन हात फाडलं,
अजून स्वस्तिक न भरलेलं.
गाठोडं जड निघालं,
एक बाजू त्यांनी उचलली, एक मी.

धायरीच्या बसला जागा एकच रिकामी.
बसा तुम्ही, छे तुम्ही बसा, असं करत
वडगावच्या पुलापर्यंत
दोघी उभ्याच.